खडूची खूण

दुखते एकीकडे आणि दुखणे असते दुसरीकडे, हा अनुभव घरोघरचा आहे. आमच्या आईचा कान एकदा आठवडाभर ठणकत होता. कोमट तेल झाले, लसणाची पाकळी झाली, शेजारच्या काकूंनी सांगितलेला कांद्याचा रस झाला. शेवटी डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी कानाकडे जेमतेम पाहिले आणि तोंड उघडायला सांगितले. किडलेली होती दाढ. बिचाऱ्या कानाला मात्र आठवडाभर नाहक शिक्षा झाली! आम्ही सगळे पोटभर हसलो. आईदेखील हसली. कान काही रागावत नाही, रुसत नाही, म्हणून ते सारे हसण्यावारी गेले. पण कानाच्या जागी एखादा माणूस असता तर?

हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तो सुचला पुष्कळ वर्षांनी, आणि तोही एका जुन्या जीपगाडीमुळे.

मी मॅट्रिक झालेला एक साधा मास्तर. दिवसा मुलांना मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. यंत्राशी माझा संबंध सायकलीच्या साखळीपलीकडे कधी गेला नाही. परंतु माझे थोरले बंधू – त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो – इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग करतात, आणि त्यांच्याजवळ एक जुनी जीप आहे. चारी चाकांना जोर लागणारी, लोक जिला फोर-व्हील म्हणतात, ती. ही गाडी मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तिचा जन्म झाला; स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज कंपनीच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, आणि पुढे तहसीलदार, पाटबंधारे खाते, साखर कारखाने आणि बागाईतदार असा प्रवास करीत ती आमच्या भागात घरच्यासारखी झाली. दादांनी ती लिलावात घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पण आमच्याकडची काळी जमीन ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना या म्हातारीची किंमत सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याच्या पोटचारीने जायचे असो की उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गाळवट रानात उतरायचे असो, जिथे बैल गुडघे टेकतात तिथे ही गाडी पुढच्या चाकांनी जमीन धरते, मागच्या चाकांनी रेटते आणि गुरगुरत बाहेर येते.

गाडी चालवायला एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे वडील दादांच्याच बागेत कामाला, आणि तो स्वतः सातवीत माझ्या वर्गात होता. अबोल, किंचित घुम्या म्हणावा असा. बोटे मात्र मोठी हुशार. पुस्तकात डोके घालायचा नाही, पण शाळेतले बिघडलेले कुलूप त्याच्या हातात दिले की दुसऱ्या तासाला उघडून आणायचा.

गेल्या वर्षी वैशाखात गाडीच्या मागल्या दांड्याचे क्रॉस बदलले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडीला हादरा बसू लागला. बारामती-इंदापूर रस्ता हा तुकोबारायांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी असा तो इंदापुरात येतो. पूर्वी तो असा होता की त्या खड्ड्यांत गाडी का हादरते हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. रुंदीकरण झाले, रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. आणि मग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे काटा गेला की बुडाखालून एक थरथर उठायची, ६०ला ती दातांत पोचायची. आरशातला मागचा रस्ता पुसट दिसू लागायचा.

आता आपल्याकडे रोगाला औषध सांगणाऱ्यांची वाण कधीच नसते. कुणी म्हणाले, टायर गेले. दादांनी बारामतीत जाऊन चार नवे टायर घातले, चाके तोलून घेतली. हादरा होता तिथेच. कुणी म्हणाले, इंजिनाखालचे रबर बसले. रबर बदलले. कुणी म्हणाले, स्टेअरिंग ढिले आहे. ते घट्ट केले. त्यामुळे हात दुखू लागले एवढेच. आषाढात पालखी आली आणि गेली, बेलवाडीला रिंगण झाले, घोडे धावले, आणि आमची गाडी मात्र थरथरतच राहिली. खर्च वाढत गेला, तसा दादांचा राग वाढत गेला. आणि रागाचा एक स्वभाव असा, की त्याला बसायला जागा लागते. टायरवर तो बसला नाही, रबरावर बसला नाही. फिरता फिरता तो त्या मुलावर येऊन बसला.

“हा चारीतून गाडी उडवतो. खाली काहीतरी वाकवलंय यानं,” दादा म्हणाले.

मुलगा गप्प उभा होता. एकदाच म्हणाला, “क्रॉस बदलल्यापासून गुरगुरतीय ती, दादा.” त्याकडे कुणी लक्ष दिले नाही. दादांनी माझ्याकडे पाहिले. “तुझ्या वर्गात होता ना हा? तू सांग कसा आहे.”

त्या वेळी मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, “दादा, हात चपळ आहेत, पण जरा धसमुसळाच. सातवीत पृथ्वीचा गोल फोडला होता यानं.”

झाले! मास्तरांची साक्ष म्हणजे पंचांचा निवाडा. दादांनी त्याचा दोन महिन्यांचा पगार नुकसानीपोटी ठेवून घेतला. तो एक शब्द न बोलता गेला आणि श्रावणात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला लागला. गाडी दादा स्वतः चालवू लागले. हादरा कायम होता. पण गंमत अशी, की दोषी सापडल्यामुळे आता तो कुणालाच फारसा टोचत नव्हता. मूळ दुखणे तसेच ठेवून आपण नुसते समाधान मिळवतो, ते हे असे.

आश्विनात मात्र दादांना लांबचा प्रवास करायचा होता. कुणीतरी इंदापुरातल्या एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. दादांना सवड नव्हती, म्हणून गाडीबरोबर मी गेलो. मालोजीराजांच्या गढीचे हे गाव. जुन्या वस्तूंविषयी इथल्या माणसांना अजून माया आहे. मिस्त्री बाजेवर बसून चहा पीत होते. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली : टायर, रबर, स्टेअरिंग. त्यांनी बॉनेट उघडले नाही, गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

हादरा कोणत्या वेगाला सुरू होतो? गिअर बदलला तर बदलतो का? ओझे असताना जास्त की रिकामी असताना? हाताला लागतो की बुडाला? आणि कधीपासून? त्याच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी आणि कशाला लावला?

मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरे येत नव्हती. मिस्त्रींनी कपबशी खाली ठेवली. “मास्तर, गाडी आजारी हाय, पर तिला बोलता येत न्हाई. रोज चालवतो त्याला इचारलं का?”

मी म्हणालो, “त्याला काढून टाकला.”

ते काही बोलले नाहीत. गाडीत बसले आणि आम्ही निमगाव केतकीच्या रस्त्याला लागलो.

पुढचे दोन तास मी जे पाहिले त्याला मी एक उत्तम तास म्हणेन. मास्तर या अर्थाने म्हणतो. काटा ६०वर नेऊन त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडी आपल्याच वेगाने धावत राहिली आणि हादराही तसाच राहिला. “इंजिन सुटलं,” मिस्त्री म्हणाले. सुटले, म्हणजे निर्दोष सुटले! मग त्यांनी मला तळवा गाडीच्या तळावर ठेवायला सांगितला. तिथे थरथर बारीक होती, दाट होती, मधमाशीच्या गुणगुणण्यासारखी. ते म्हणाले, चाकाचा हादरा असा नसतो. तो हेलकाव्यासारखा येतो. त्याचे गणित मी नंतर घरी करून पाहिले. जीपचे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरांहून थोडे अधिक; म्हणजे चाक सेकंदाला ७-८ फेरे करते. परंतु चाकाला फिरवणारा जो लांब दांडा गाडीच्या पोटाखाली असतो तो चाकाच्या जवळजवळ पाचपट फिरतो, सेकंदाला ३५ ते ४० फेरे. चाक डगमगले तर आपण डुलतो, दांडा बिघडला तर आपण थरथरतो. टायरवाल्याला हे माहीत नव्हते असे नाही. आपण त्याला टायर मागितले, त्याने टायर दिले.

मग गाडी उभी करून त्यांनी पुढला दांडा सोडवला. या जुन्या जीपमध्ये फोर-व्हील घातले नसले तरी पुढची चाके तो दांडा फुकट फिरवीत असतात. तो काढून पुन्हा गाडी पळवली, हादरा होता. म्हणजे पुढला दांडाही सुटला. तो जागेवर लावून मागला काढला, फोर-व्हीलचा दांडा ओढून केवळ पुढच्या चाकांवर गाडी नेली, आणि मला एकदम आपण बहिरे झालो की काय असे वाटले. थरथर नाहीशी झाली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे जिथल्या तिथे ठेवायचे, एवढाच त्यांचा मंत्र होता. आम्ही मात्र आजवर एकावर एक औषधे दिली होती, आणि सगळ्यात शेवटी एका माणसालाच बदलून टाकले होते.

मागला दांडा त्यांनी दोन विटांवर आडवा ठेवला आणि मला दाखवला. त्याची रचना मला फार आवडली, म्हणून थोडी सांगतो. गिअरबॉक्स असते उंच, मागचा आस असतो खाली, आणि तोही पाट्यांवर सारखा वरखाली होत असतो. सरळ दांडा लावला तर तो मोडेल. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना एक एक सांधा असतो. अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस. त्याची दोन टोके एका बेचक्यात, दोन दुसऱ्या बेचक्यात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून पुस्तकांत तो त्याच्या नावाने ओळखला जातो. या सांध्यात एक उपजत खोड आहे. तो वाकून फिरला की एका चालीने फिरत नाही. देणारा दांडा संथपणे फिरत असला तरी घेणारा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा किंचित मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असला तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. ३० अंशांचा असला तर धावणे १५ टक्क्यांपर्यंत जाते.

मग गाडी सुरळीत चालते कशी? इथेच खरी मौज आहे. दुसऱ्या टोकाचा सांधाही तितकाच खोडकर असतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले आणि दांड्याच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत बसवली, की पहिला सांधा जेवढे पुढे ढकलतो तेवढेच दुसरा मागे ओढतो, आणि चाकापर्यंत चाल पोचते ती अगदी संथ. दोन खोडकर एकमेकांना सांभाळून घेतात. बेचकी चुकली, तर मात्र त्याच दोन खोडी एकमेकींत मिळतात आणि वाढतात. सांधे तेच, पोलाद तेच. केवळ बसणे चुकले! संसारात याचे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. आणि आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली ती माझ्या मनातून जात नाही : सगळे नीट बसवले असले तरी मधला दांडा अडखळतच फिरत असतो. त्याचे अडखळणे बाहेर कुणाला कळत नाही, इतकेच. घरोघरी असा एक मधला दांडा असतो. दोन पिढ्यांच्या, दोन स्वभावांच्या मध्ये तो फिरतो आणि बाहेरचे लोक म्हणतात, यांच्या घरी कसे सगळे सुरळीत आहे!

आमच्या दांड्याची बेचकी एका रेषेत नव्हती. दांडा मध्ये दोन तुकड्यांचा असतो, एकमेकांत सरकणारा. आत दाते असतात. ते दाते एखाद-दोन घरे चुकवून बसवले होते. मिस्त्री म्हणाले, “वाकलेला न्हाई, ठोकर न्हाई, काय न्हाई. खोलताना खूण केली न्हाई कुनी. न्हाईतर पुसली.”

पुसली! हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे वैशाखातली ती दुपार उभी राहिली. क्रॉस बदलायला एक मिस्त्री घरी आला होता. दांडा खोलण्याआधी त्याने मलाच विचारले होते, “मास्तर, खडू आहे का?” मास्तरच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? त्याने दोन्ही तुकड्यांवर एक पांढरी रेघ ओढली, तुकडे अलग केले, आणि जुने क्रॉस ठोकून काढले. संध्याकाळ झाली, त्याला दुसरीकडचे बोलावणे आले. बाकीचे काम सकाळी त्याचा मदतनीस येऊन करणार होता. मला त्या चिखलाने माखलेल्या तुकड्यांची दया आली. मी रॉकेल घेतले, फडके घेतले, आणि दोन्ही तुकडे अगदी लखलखीत पुसून ठेवले. पंचवीस वर्षे फळा पुसणारा हात तो! सकाळी मदतनीसाने खूण शोधली असेल, सापडली नसेल. अंदाजाने दाते बसवून तो गेला.

म्हणजे चार महिने जो हादरा दादांच्या बुडाला, खिशाला आणि अखेर त्या मुलाच्या पोटाला बसला, तो माझ्या फडक्यातून निघाला होता.

मिस्त्रींनी दांडा सरकवून दाते मोकळे केले, बेचकी एका रेषेत आणली, आणि त्यावर छिन्नीने बारीक खूण ठोकली. खडू त्यांनी मागितला नाही. येताना ६०वर गाडी अशी चालली की गाडीत बसलो आहोत की देवळात, असे वाटावे. पण माझ्या मनाला तेवढे स्वास्थ्य नव्हते.

घरी आल्यावर मी स्वतःवर खटला भरला. लेखकाला ही सवय असते. माझा गुन्हा कोणता? खूण पुसली, हा? आधी मला तसेच वाटले, आणि दोन दिवस मी त्याचेच दुःख केले. परंतु जसजसा विचार केला तसतसे मला दिसू लागले की तो गुन्हा नव्हताच. मला त्या रेघेचा अर्थ ठाऊक नव्हता. हेतू चांगला होता. कुणीही केले असते असे ते काम. हादऱ्याचे कारण मी होतो, पण कारण असणे म्हणजे दोषी असणे नव्हे. विजेच्या तारेवर बसलेला पक्षीही कधी गावभर अंधार करतो. त्याला कुणी शिक्षा सुनावीत नाही.

माझा दोष दुसरीकडे होता, आणि त्याने गाडीचा एक स्क्रूदेखील हलवला नव्हता. “सातवीत पृथ्वीचा गोल फोडला होता यानं” हे माझे वाक्य, हा तो दोष. त्या वाक्याचा गाडीशी काडीचा संबंध नव्हता. मला दांड्याविषयी काही ठाऊक नव्हते, ही गोष्ट मी सांगू शकलो असतो. तेवढे चार शब्द बोलण्याऐवजी मी माणसाविषयी मला जे ठाऊक आहे असे वाटत होते ते बोललो. आणि तेही मला खरोखर ठाऊक होते का? पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. गोल पडताना मी पाहिला नव्हता. मी वर्गात शिरलो तेव्हा तो मुलगा खाली बसून तुकडे गोळा करीत होता. बाकीची मुले आपापल्या जागेवर शहाण्यासारखी बसली होती. जो तुकडे वेचतो त्यानेच फोडले, असे मी धरून चाललो. हादरा जिथे जाणवतो तिथेच बिघाड असतो, असे दादांनी धरले. आणि मी तर त्यांच्या कितीतरी आधीपासून हेच करीत आलो होतो.

आमच्या शाळेतले एक सहकारी फार करड्या विचारांचे आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही लेखक मंडळी अशीच कारणं शोधत बसाल, तर जगात दोषी कुणी उरणारच नाही. चोराच्या मागे गरिबी, गरिबीच्या मागे दुष्काळ, दुष्काळाच्या मागे ढग. मग शिक्षा ढगाला करायची का?”

आक्षेप खोटा नाही. कारणांची साखळी कुठेही संपत नाही, आणि माणूस म्हणजे नुसता दांडा-सांधा नव्हे. त्याला निवड असते, म्हणून त्याला जबाबदारी असते. हे मला मान्य आहे. पण म्हणूनच तर कारण आधी शोधायचे आणि दोष मग ठरवायचा. कारण शोधले की दोष नाहीसा होतो ही भीती खोटी आहे. माझ्या बाबतीत तर उलट झाले : कारण सापडले आणि त्याच्या उजेडात माझा खरा दोष मला पहिल्यांदा दिसला. तो सापडेपर्यंत मी निर्दोष, न्यायी आणि दादांचा सच्चा सल्लागार म्हणून सुखाने झोपत होतो.

आणि त्या मुलाच्याच अंगावर दोष का गेला, याचाही विचार करायला हवा. हादऱ्याविषयी खरी माहिती आमच्यापैकी फक्त त्यालाच होती. “क्रॉस बदलल्यापासून” या दोन शब्दांत त्याने रोगाची तिथी सांगितली होती. इंदापूरच्या मिस्त्रींनी नंतर विचारला तो पहिल्या प्रतीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आमच्या अंगणात आधीच देऊन झाले होते. ते आम्ही ऐकले नाही, कारण ते नोकराने दिले होते, आणि आरोपीने दिले होते. आरोपीचे बोलणे म्हणजे सबब, असा आपला समज असतो. टायरवाल्याचे ऐकले, शेजाऱ्याचे ऐकले, रस्त्यात भेटलेल्या पाहुण्यांचेही ऐकले. हात नेहमी जिथे उलट उत्तर येणार नाही तिथेच आधी जातो. घरात काही हरवले की आधी कामवाल्या बाईची आठवण होते, वर्गात आवाज झाला की शेवटच्या बाकाची. या सवयीला आपण अनुभव असे नाव दिले आहे.

दादांना मी सगळे सांगितले. खडू, रॉकेल, फडके, काही लपवले नाही. दादा माणूस तापट, पण सरळ. थोडा वेळ गप्प बसले. मग उठून कपाटातून पैसे मोजून आणले आणि माझ्या हातात ठेवले. “त्याचे आहेत. देऊन ये.”

मी म्हणालो, “दादा, पैसे तू दे. तुझ्याकडून गेले आहेत. माझ्याकडून दुसरं काही गेलं आहे, ते मी देतो.”

धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही दोघे त्याच जीपमधून बारामतीला गेलो. वहिनींनी डबा भरून करंज्या-चकल्या दिल्या होत्या. मोरोपंतांचे हे गाव. आर्या रचता रचता त्यांनी इथे आयुष्य घालवले. शब्दांच्या कारागिराला या गावात शब्द सुचू नयेत याची मला वाटेत लाज वाटत होती. मुलगा एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहत होता. आम्हाला पाहून गडबडला, सतरंजी टाकली. दादांनी पैसे दिले आणि थेट म्हणाले, “चूक झाली पोरा. तू बरोबर सांगत होतास.” मी खुणेची गोष्ट सांगितली. मग माझ्या साक्षीची. माझा आवाज जरा कापत असावा.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दाते किती घरं चुकले होते, गुरुजी?”

मी सांगितले. त्याचे डोळे चमकले. “वाटलंच होतं मला. आवाज तसाच होता.” मग खाली उतरून त्याने दांड्याखाली डोके घातले, छिन्नीची खूण बोटाने चाचपून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. दादांनी परत येण्याविषयी विचारले. तो नम्रपणे नाही म्हणाला. इथे यंत्रावर हात बसला आहे, म्हणाला. त्यात राग नव्हता. निदान मला दिसला नाही. पण अलीकडे मला काय दिसते आणि काय असते यांत अंतर आहे हे मी शिकलो आहे.

निघताना मी धीर करून विचारले, “अरे, सातवीतला तो पृथ्वीचा गोल... तो तूच फोडला होतास का?”

तो क्षणभर थांबला. माझ्याकडे पाहिले. मग हसून म्हणाला, “इतकं जुनं कुठं आठवतंय, गुरुजी?”

परतताना बेलवाडीपाशी अंधार झाला. गावागावांत पणत्या लागल्या होत्या. दादा ६०च्या वेगाने गाडी चालवीत होते आणि गाडीत कसलाही आवाज नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हते, की मास्तरांना दिवाळीच्या दिवशी दुखवू नये म्हणून त्याने एक खूण हलकेच पुसून टाकली होती, याचा मी इंदापूर येईपर्यंत विचार करीत होतो. अजूनही करतो. आता वर्गात काही फुटले, सांडले, हरवले, की मी आधी विचारतो, कधी झाले आणि त्याआधी काय झाले होते. कुणी केले हे विचारायला नंतर वेळ असतो. पुष्कळदा ते विचारायची गरजच पडत नाही. मुले आपण होऊन सांगतात.